दहा इंचांचा फूट

मिस्त्रीला घराबद्दल काही शिकवायच्या भानगडीत कुणी पडू नये, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं. बाकीच्यांना त्याहून लवकर कळायचं. लाकूड, भिंती, बिल्डर आणि फसवणूक या चार विषयांत आपल्याइतकं कळणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं त्याचं स्वतःचं मत होतं आणि ते तो स्वतःजवळ ठेवत नसे. चहाच्या दुकानात कुणी सहज म्हणालं, की आम्ही घर बघतोय, की याने पेला खाली ठेवलाच. मग समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सुटका नाही.

एवढं कळायला कारणही होतं. त्या फसवणुकीत त्याचा अकरा वर्षांचा हातभार होता.

इमारत पुरी व्हायच्या आधीच बिल्डर लोक तळमजल्यावर एक घर नटवून ठेवतात. सॅम्पल फ्लॅट म्हणतात त्याला. गिऱ्हाईक येतं, हिंडतं, भुलतं आणि सही करून जातं. अशा घरांतलं लाकूडकाम मिस्त्रीचं. खोलीत पलंग आहे, टेबल आहे, कपाट आहे आणि तरी नवराबायकोला हातात हात घालून फिरायला जागा उरलीय, ती कशी? तर पलंग पाच फुटांचा. त्यावर निजायचं तर माणसाने पाय घरी ठेवून यावं. कपाटात हँगर आडवा राहत नाही, टेबलाखाली मांड्या शिरत नाहीत. पण सगळं एकाच प्रमाणात आखडलेलं, त्यामुळे डोळ्याला काही खटकत नाही. उलट खोली ऐसपैस दिसते. बायका नवऱ्याचं कोपर दाबतात आणि म्हणतात, अहो, इथे तर झुलासुद्धा लावता येईल.

आता प्रत्येक फळीचं गणित नव्याने करायचं, सहाचे पाच, तीनाचे अडीच, म्हणजे डोक्याला ताप. मिस्त्रीने त्यावर तोडगा काढला होता. बापाने त्याला लाकडी, घडीची पट्टी वापरायला शिकवलं होतं. त्याने तश्शीच दुसरी पट्टी बनवली. तेच लाकूड, त्याच रेघा, त्याच पितळी बिजागऱ्या. फरक एवढाच, की या पट्टीवरचा फूट दहा इंचांचा. मग काय, बिनधास्त सहा फुटांचा पलंग आखायचा, तो आपसूक पाच फुटांचा होतो. ओळखायला म्हणून टोकाला लाल रंगाचा ठिपका दिला होता. तो हाताच्या घामाने केव्हाच पुसून गेला. पण आपल्याला ठिपक्याची काय गरज, हातात धरली की कळते, असं मिस्त्रीचं म्हणणं. लोखंडी टेप त्याला मुळीच चालत नसे. टेप वाकतो, म्हणायचा. लाकूड खोटं बोलत नाही. हे बोलताना त्याला हसूसुद्धा येत नसे.

म्हाताऱ्याला, म्हणजे मिस्त्रीच्या बापाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. तोही सुतारच, पण वेगळ्या मुशीतला. आपण केलेल्या खुर्चीचा सांधा कुठे सैल झालाय असं कानावर आलं, तर न बोलावता हत्यारं घेऊन त्या घरी जाणारा. मुलगा बिल्डरकडे मोठमोठी कामं करतो, एवढंच त्याला सांगितलेलं. म्हातारा उंचीने सहा फूट एक. वय झालं तरी ती उंची त्याने कमी होऊ दिली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी मिस्त्रीची आई गेली आणि म्हातारा मुलाकडे राहायला आला. भाड्याच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत नवराबायको आणि गॅसची शेगडी, बाहेरच्या खोलीत म्हातारा, टीव्ही आणि उरलेलं जग. रस्त्यावरचं दार याच खोलीत उघडायचं. शेजारीण आली की म्हाताऱ्याच्या खाटेच्या कडेवर टेकायची आणि तासभर उठायची नाही. विजेचं मीटर बरोबर त्याच्या उशाच्या वर, त्यामुळे महिन्यातून एकदा एक परका माणूस चपलांसकट खाटेवर चढायचा. खाटही आखूड. पाय खाली लोंबायचे आणि येणारा-जाणारा त्यांना अडखळून म्हाताऱ्यालाच सॉरी म्हणायला लावायचा. नऊ वर्षांत म्हाताऱ्याने हूं की चूं केलं नाही. पण मिस्त्रीने नवं घर घ्यायचं काढलं, तेव्हा एकदाच म्हणाला, "मला काही नको रे. एक दार तेवढं बघ. आतून कडी असलेलं."

मिस्त्रीला भरून आलं. तसा तो वाईट नव्हता. वरची फुशारकी खरवडून काढली असती, तर खाली बापावर जीव टाकणारा मुलगा सापडला असता. "दार तर आहेच बाबा," तो म्हणाला, "आणि पाय ताणून झोपता येईल असा पलंग. मी करणार, माझ्या हाताने."

"तू करणार?"

"मग कोण करणार?"

"बरं," म्हातारा म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून लाकूड कुठलं घ्यावं यावर त्याने इतकं बोलायला सुरुवात केली, की सुनेने दोन दिवस टीव्ही लावला नाही.

घर मनात भरलं ते मिस्त्री काम करत होता त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. खाली तो सॅम्पल फ्लॅटमध्ये कपाटांना नव्या मुठी बसवत होता आणि वर घर जवळपास तयार होतं. फरशी झाली होती, खिडक्या बसल्या होत्या, दारं लागायची होती. एक हॉल, एक स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि शिवाय एक खोली, जिला कागदावर 'स्टडी' असं भारदस्त नाव दिलं होतं. दोन बेडरूमचं घर त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा म्हाताऱ्याची खोली म्हणजे ही स्टडी. सगळं घोडं तिच्यापाशी अडलं होतं. तिच्यात पलंग राहिला तर घर घ्यायचं, नाहीतर नाही, असं नवराबायकोंनी घरून ठरवूनच आणलं होतं.

बुकिंगवाली बाई दोघांना वर घेऊन आली. बाई तशी सरळ होती. त्या धंद्यात अशी कशी टिकली कोण जाणे.

"ही खोली छोटी आहे हां मिस्त्री," ती म्हणाली. "साडेसात बाय पाच. टेबल-खुर्ची छान राहते. झोपायचं म्हणाल तर नीट विचार करा. मागाहून बोल लावू नका."

"बाई, तुम्ही मला मापं सांगणार?" मिस्त्री म्हणाला. "जा, हिला जरा ओटा दाखवा."

दोघी स्वयंपाकघराकडे वळल्या. मिस्त्रीने खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि पट्टी काढली. पिशवी खालच्या कामावरची. पट्टीही खालच्याच कामावरची. हातात धरली की कळते, म्हणायचा ना? त्या दिवशी काही कळली नाही.

त्याने लांबी मोजली. नऊ फूट भरली. रुंदी मोजली. सहा फूट. त्याने परत मोजली. परत तेच. कागद उघडून बघितला, तिथे साडेसात बाय पाच असं छापलेलं. त्याला वाटलं, गवंड्याने भिंत बांधताना घोळ घातलाय. होतं असं. कुणीतरी ओळंबा धरताना बिडी पेटवतं आणि भिंत सरकते. लांबीला दीड फूट, रुंदीला एक फूट जादा, आणि बिल्डरच्या बापालाही पत्ता नाही. पट्टी पटकन पिशवीत गेली. आनंद पोटात मावेना, पण चेहरा असा केला, की कुणाच्या तरी आजारपणाची बातमी ऐकून आलाय.

"बघितली खोली?" बाई परत येऊन म्हणाली.

"बघितली. लहान आहे."

"साडेसात बाय पाच."

"हो ना. साडेसात बाय पाच." त्याने उसासा टाकला. "काय करणार, चालवून घ्यायचं."

"अहो, पण बाबांचा पलंग..." बायको म्हणाली.

मिस्त्रीने तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. ती गप्प झाली आणि पुढे दोन दिवस लंगडली.

एरवी पाच रुपयांचा खिळा घेताना दुकानदाराला रडवणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्याने एक प्रश्न विचारला नाही. दाराचा नाही, नळाचा नाही, गाडी कुठे लावायची त्याचा नाही. उगाच बोलत बसलो तर कुणाला तरी मोजायची बुद्धी व्हायची. ऑफिसात जाऊन भराभर सह्या केल्या. बाईने बिचारीने खोलीचं माप छापलेल्या पानावर बोट ठेवून पुन्हा वाचून दाखवलं. याने मान हलवली आणि तिथे एकाऐवजी दोन सह्या केल्या.

रस्त्यावर आल्यावर त्याने बायकोला गुपित सांगितलं. ती थांबलीच. "पण मला तर खोली एवढीशीच वाटली."

"रिकामी खोली लहानच दिसते. सामान आलं की मोठी होते. माझा धंदा आहे हा."

"आणि उद्या त्यांच्या लक्षात आलं तर? बाईला सांगून टाकू या का?"

"सांगू? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मिस्त्री इतका खूश होता, की तिला त्याने रिक्षाने घरी नेलं. "अकरा वर्षं बघतोय, बिल्डर लोक जगाला टोप्या घालतात. आज पहिल्यांदा बिल्डरला कुणी टोपी घातली असेल तर ती या माणसाने." आणि त्याने स्वतःच्या छातीवर थाप मारली.

पलंगाचं काम त्याच्या शेडमध्ये सुरू झालं. इथे मात्र पट्टी बापाची, खरी. मिस्त्रीने आखणी म्हाताऱ्याला समजावून सांगितली. खोली नऊ फूट. अशा आतल्या दाराची फळी नेहमीची, दोन फूट चार इंच. उरले सहा फूट आठ इंच. तेवढाच पलंग. दार उघडेल, पलंगाला ओझरता वारा लागेल, पण धक्का लागणार नाही. म्हातारा ऐकत होता. असं केसाला केस लावून बसवलेलं माप ऐकलं की त्याला गोड खाल्ल्यासारखं वाटायचं.

"इस्क्रू नको," तो म्हणाला. "सांधे कर. खुंट्या मार, सरस लाव. एकदा बसला की माझ्यानंतरही हलता कामा नये."

रोज सकाळी म्हातारा शेडमध्ये येऊन बसायचा. पायांना रंधा त्यानेच मारला. मिस्त्रीलाही बरं वाटत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माणसाने झोपायचा पलंग करत होता. पण सवय मेली कुठे जाते. करवत धरली की हात आपोआप अलीकडे यायचा. एकदा तर चांगली लांब फळी आखूड कापून बसला.

"तुझा हात आखूड का पडतोय रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चष्म्याचा नंबर बदललाय बाबा," मिस्त्री म्हणाला. म्हाताऱ्याने त्याच संध्याकाळी सुनेला सांगितलं, की याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने.

ताबा मिळाला त्या दिवशी सकाळी हातगाडीवाल्यांनी पलंगाचे भाग वर आणून टाकले आणि ते गेले. बायको स्वयंपाकघरात खोकी उघडत बसली. दारं आता लागली होती. स्टडीचं दार आखूड भिंतीच्या बरोबर मधोमध होतं, आत उघडणारं, आणि त्याला आतून चकचकीत कडी होती. म्हाताऱ्याने ती कडी दोनदा लावून बघितली. तिसऱ्यांदाही लावून बघितली.

मिस्त्रीच्या मनात आलं, आता हा सोहळा झोकात करायचा. "बाबा, तुम्ही बाहेर थांबा. मी दार लावून आत पलंग जोडतो. हाक मारली की तुम्ही टकटक करायची आणि मी दार उघडणार. आपल्या खोलीत पहिलं पाऊल पलंग लागल्यावरच टाकायचं."

"पोरकट आहेस," म्हातारा म्हणाला, पण केस नीट करून बाहेर स्टुलावर जाऊन बसला.

दीड तास आत ठोकठोक चालू होती. भाग आणून टाकल्यामुळे आत पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा खोली केवढी नि काय हे बघायची उसंतही मिस्त्रीला नव्हती. सांधे बसले, खुंट्या गेल्या, सरस धरला. डोकं भिंतीला लावून पलंग उभा राहिला, आणि उभा राहिला तो असा, की बघत राहावं. मिस्त्रीने घाम पुसला. "हं बाबा," त्याने हाक मारली.

म्हाताऱ्याने टकटक केली. हळूच, दोनदा, साहेबाच्या केबिनवर करतात तशी.

मिस्त्रीने कडी काढली आणि दार ओढलं. दार वीतभर उघडलं आणि खाडकन पलंगावर आदळलं. त्याने परत ओढलं. परत वीतभर. फटीतून म्हाताऱ्याचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.

"काय झालं?" मिशी म्हणाली.

"काही नाही. जरा अडतंय."

मिस्त्रीने पोट आत घेऊन फटीतून निघायचा प्रयत्न केला. पोट आत आलं नाही. एकट्याने पलंग उचलून उभा करावा, तर तो काय दोरीची खाट होता? खिडकीला जाळी. मग त्याने पिशवीतून पट्टी काढली आणि खोली मोजली. नऊ फूट, चोख. मग पलंग मोजला. सहा फूट आठ इंचांचा पलंग आठ फूट भरत होता.

"बाबा," तो फटीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "पलंग वाढलाय."

"काय?"

"पलंग. वाढलाय. आठ फूट झालाय."

"दमट हवेत लाकूड फुगतं," म्हातारा म्हणाला, "पण सोळा इंच? तुला ताप आलाय का? ती पट्टी इकडे दे."

पट्टी फटीतून बाहेर गेली. म्हाताऱ्याने ती मांडीवर उघडली आणि तिच्यावर आपला पंजा ताणून ठेवला. पन्नास वर्षं लाकडावर ठेवलेला पंजा. "माझी वीत नऊ इंचांची," तो स्वतःशी म्हणाला. "ही पावणेअकरा दाखवतेय."

नेमकी त्याच वेळी बुकिंगवाली बाई ताब्याच्या कागदावर सही घ्यायला आली. दारातली फट, आत मिस्त्री, बाहेर म्हातारा, हे बघून ती गांगरली. आतून मिस्त्रीने तिच्यावर तोंड सोडलं. भिंत सरकवली, खोली खाल्ली, मी कोर्टात जाईन. बाईने शांतपणे पर्समधून टेप काढला. एक टोक फटीतून आत दिलं, मिस्त्रीने ते समोरच्या भिंतीला लावून धरलं. "साडेसात," ती म्हणाली. "सही आहे तुमची. दोन आहेत." मग तिची नजर म्हाताऱ्याच्या मांडीकडे गेली आणि चेहरा उजळला. "अय्या, ही तर खालच्या सॅम्पलची पट्टी, रोज बघते ना मी. मिस्त्री, तुम्ही हिने मोजलंत?"

आत एक माणूस टेपचं टोक भिंतीला धरून उभा होता आणि त्याला ते सोडायचं सुचत नव्हतं.

"म्हणजे काय, सॅम्पलची?" म्हाताऱ्याने विचारलं.

बाईला वाटलं, मुलाचं कौतुक ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटेल. म्हणून तिने सगळं सांगितलं. दहा इंचांचा फूट, सहाचा दिसणारा पाचाचा पलंग, गुडघे न मावणारं टेबल, सगळं. "मिस्त्रींच्या तोडीचं काम कुणाचं नाही हो काका. लोकांना संशयसुद्धा येत नाही. या एका इमारतीतली बहात्तर घरं गेली, ती यांच्या पलंगावर."

बायको एव्हाना स्वयंपाकघरातून येऊन उभी होती. तिला हे ठाऊक होतं. एवढी वर्षं ठाऊक होतं. तिने मान खाली घातली.

"किती वर्षं?" म्हाताऱ्याने फटीत विचारलं.

"अकरा," आतून आलं.

म्हाताऱ्याने पट्टीची घडी घातली. बिजागऱ्या नीट बसल्यात का ते अंगठ्याने बघितलं. "काम चोख केलंस," तो म्हणाला. "रेघासुद्धा बारीक. मी शिकवलेल्याच आहेत." त्याला लाज वाटली होती. इतकी, की तो कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हता.

आता बाईची तारांबळ उडाली. तिने उपाय सुचवायला सुरुवात केली. दार बाहेर उघडणारं करता येणार नाही, कारण चौकट लोखंडी आणि काँक्रीटमध्येच ओतलेली. भिंतीला हात लावायचा नाही, ते नियमात आहे. "सोपं सांगू? दार काढून टाका. सुंदर पडदा लावा. हल्ली खूप लोक लावतात."

मिस्त्रीला तेच सुचलं होतं. त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आला होता आणि वरच्या बिजागरीचा पहिला स्क्रू अर्धा फिरलाही होता.

"दाराला हात लावायचा नाही," म्हातारा म्हणाला.

"बाबा, दुसरा मार्गच नाही. दार तरी, नाहीतर पलंग तरी."

"मग पलंग काप."

"बाबा, तो तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठीच काप. दार उघडून बघ, जिथे लागेल त्याच्या आत रेघ मार. पट्टी नको त्याला."

मिस्त्रीने रेघ मारली. करवत चालवली. बापाने रंधलेले दोन पाय, स्वतः मारलेल्या खुंट्या, अकरा वर्षांतला एकुलता एक खरा पलंग. कापताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भुसा गालांना चिकटत होता. बाहेर म्हातारा करवतीचा आवाज ऐकत होता. मधेच एकदा म्हणाला, "वाकडी जातेय." आणि ती जातच होती.

दीड फूट गेला. दार उघडलं. मिस्त्री बाहेर आला तो हातात पलंगाचं पायथ्याचं टोक घेऊन. म्हातारा त्याच्या बाजूने आत गेला. फरशीची उरलेली दोन खोकी कापलेल्या बाजूखाली सरकवली, वर गादी टाकली आणि आडवा झाला. गुडघे पोटाशी घ्यावे लागले.

"ती पट्टी धर माझ्याशी," तो म्हणाला.

मिस्त्रीला नाही म्हणता येईना. त्याने बापाच्या टाळूपासून टाचेपर्यंत, दुमडलेल्या पायांवरून वळवून वळवून, पट्टी लावली.

"किती?"

"सव्वासात फूट."

"आणि पलंग?"

"सहा फूट... दोन इंच."

"खोली नऊ फूट, पलंग सहा फूट दोन इंच," म्हातारा छताकडे बघत म्हणाला. "सगळं झकास आहे की. मीच म्हातारपणी वाढलो." बाईला हसू आलं आणि तिने ते लगेच गिळलं. "जा आता सगळे," म्हातारा म्हणाला.

सगळे बाहेर आले. दार लागलं. कडी लागली.

बाई कागदावर सही न घेताच लिफ्टकडे गेली. जाता जाता तेवढं सांगून गेली, की सोमवारपासून पलीकडच्या इमारतीचं सॅम्पल सुरू होतंय. मिस्त्रीने ऐकलं की नाही कळलं नाही. बायकोने मात्र त्याच्याकडे असं बघितलं, की लग्न झाल्यापासून तिने तसं बघितलं नव्हतं. मग ती पुढे गेली आणि दारावर टकटक केली.

"बाबा, उघडा. असे पाय मुडपून नका झोपू. आमची बेडरूम घ्या तुम्ही. ती मोठी आहे. आम्ही दोघं राहू इथे, नाहीतर हॉलमध्ये."

तिने परत टकटक केली. "बाबा, खरंच. तिथेही कडी आहे. आणि पलंग हे नवा करतील, तुमच्या उंचीचा. ती खोली चांगली बारा बाय दहा आहे."

गादीवर कूस बदलल्याचा आवाज आला.

"तिचं माप कुणी घेतलंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तो पलंगाचा तुकडा छातीशी धरून उभा होता. तिने चपला घातल्या, पर्स घेतली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून टेप आणायला खाली गेली.